लाकडी आसाचा यो-यो: टॉम कून यांचा ‘नो जाइव्ह’ हातात कसा वाटतो, कसा चालतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं बेअरिंगचे (म्हणजे मधे छर्र्यांवर फिरणारं कडं बसवलेले) धातूचे यो-यो खेळताय, आणि आता सॅन होजेला असलेल्या तुमच्या मामेभावाला एका जुन्या संग्राहकाकडे टॉम कून यांचा ‘नो जाइव्ह थ्री-इन-वन’ मिळतोय. लोक त्याच्यासाठी एवढा जीव का टाकतात, तो हातात कसा वाटतो, खेळायला कसा आहे, आणि आपल्या पावसाळ्यात टिकेल का?

आधी उत्तर देते, मग कारणं. जरूर घ्या, आणि घेतलात तर खेळा. माझ्याकडे दोन आहेत. त्यातला एक गेली अकरा वर्षं आठवड्यातून तीन-चार दिवस तरी हातात असतो. पण पहिल्या दिवशी तुमची मोठी निराशा होणार आहे, आणि ती का होते हे आधीच माहीत असलेलं बरं.

तुम्ही सवयीने जोरात थ्रो माराल. यो-यो खाली जाईल, दोरीच्या टोकाला क्षणभर गरगरेल, आणि ट्रॅपीझसाठी, म्हणजे फिरता यो-यो दोरीवर उतरवायला, तुम्ही बोट पुढे नेताय तोच कुणी न बोलावता वर येऊन बोटांवर आपटेल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कदाचित दोन-तीन सेकंद झोपेल, म्हणजे दोरीच्या टोकाला फिरत राहील. बेअरिंगवर खेळणाऱ्याला वाटतं, यो-यो बिघडलेला आहे. तो बिघडलेला नसतो. तुमच्या मनगटाला आजवर ज्या गोष्टीचा हिशोब ठेवावा लागला नव्हता, तिचा हिशोब तो मागत असतो. बेअरिंगच्या यो-योत दोरी बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बसते आणि आतला आस स्वतंत्र फिरत राहतो. इथे मध्ये काहीच नाही. सुती दोरीचा फास थेट लाकडावर घासतो. जेवढा वेळ यो-यो झोपतो तेवढा वेळ ते लाकूड त्या फासाच्या आत फिरत असतं, आणि दोरी जरा सैल पडली की फास लाकूड पकडतो आणि यो-यो वर चढतो. सगळा खेळ या एका जागेवर चालतो.

टॉम कून हे सॅन फ्रान्सिस्कोतले दंतवैद्य. यो-योवाले त्यांना ‘डॉक्टर यो’ म्हणतात. त्यांच्या आधीचे लाकडी यो-यो एकसंध कातलेले किंवा डिंकाने चिकटवलेले असत. विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या छोट्या गावात डंकन कंपनीचा कारखाना होता, तिथे मेपलच्या लाकडाचे असे यो-यो ढिगांनी निघत. त्या यो-योंचं एक दुखणं होतं. आस झिजला, करपला किंवा आत दोरीची गाठ बसली की उपाय नसे. सुईने आणि चिमट्याने कोरत बसायचं, नाही जमलं तर नवा घ्यायचा. कून यांनी 1978 मध्ये ‘नो जाइव्ह थ्री-इन-वन’चं पेटंट घेतलं. तो उघडता येतो. कठीण मेपलच्या दोन तबकड्या, मधून जाणारा धातूचा बोल्ट, त्याला नट, आणि बोल्टवर चढवलेली लाकडाची एक छोटी नळी. दोरी त्या नळीवर फिरते. नळी झिजली की ती काढायची, दुसरी घालायची. दातांच्या डॉक्टरला हे सुचावं याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. झिजलेला भाग तेवढा बदलून बाकीचं वाचवायचं, हे त्यांचं रोजचंच काम.

थ्री-इन-वन हे नाव आकारांवरून आलं. तबकडीची एक बाजू सपाट, दुसरी गोलसर. सपाट बाजू समोरासमोर ठेवून आवळलं की जुन्या वळणाचा यो-यो होतो, अरुंद फटीचा. दोन्ही तबकड्या उलटवल्या की गोलसर बाजू आत येतात, फट बाहेरच्या अंगाला पसरत जाते आणि फुलपाखराचा आकार मिळतो. एकच उलटवली तर तिसरा, पॅगोडा. तो तिसरा मी वर्षातून एखाद्या वेळी बांधते. गंमत आहे, पण माझ्या मते खेळ पहिल्या दोघांतच आहे. लूप (यो-यो झोपू न देता पुन्हा पुन्हा पुढे सोडणं), अराउंड द वर्ल्ड, साधा फॉरवर्ड पास या खेळांना जुना आकार उत्तम. दोरीवर यो-यो उतरवायचा असेल तर फुलपाखरू बांधा, कारण पसरट फट चुकलेली दोरीही आत घेते. तुमचा पिंड ट्रॅपीझवाल्यांचा दिसतो, म्हणून तुम्ही फुलपाखरूनेच सुरुवात करा.

आता हातातला अनुभव.

पहिल्यांदा जाणवतो तो लाकडाचा उबदारपणा. धातूचा यो-यो सकाळी हातात घेतला तर गार लागतो. मेपल तळहाताच्या उष्णतेला लगेच मिसळतं. दुसरी गोष्ट वजनाची मांडणी. आजच्या धातूच्या यो-योत वजन मुद्दाम कडेला नेलेलं असतं, कारण वस्तुमान केंद्रापासून जितकं लांब तितकी फिरकी जास्त वेळ टिकते. लाकडात तशी सोय नाही. वजन तबकडीभर पसरलेलं. त्यामुळे थ्रो मारताना तो हातातून मऊ सुटतो, मनगटाला ओढ कमी बसते आणि दिशा फार चटकन बदलता येते. परत येऊन तळव्यात बसतो तेव्हा ‘टक’ असा एक बुटका, कोरडा आवाज येतो. घरातली माणसं त्या आवाजावरून ओळखतात की आज लाकडी चाललाय.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी मी हा यो-यो सोडत नाही: दोरीतून येणारी थरथर. लहानपणी भोवरा खेळला असाल तर हातजाळी आठवेल. जाळीने भोवरा हवेतच ओढून तळहातावर घ्यायचा, आणि मग ती आर तळव्यात गुदगुल्या करत फिरायची. फिरकी मंदावायला लागली की त्या गुदगुल्यांची जात बदलायची, आणि भोवरा कलंडायच्या आधी आपल्याला कळायचं. नो जाइव्हमध्ये तीच बातमी मधल्या बोटातल्या फासापर्यंत येते. बारीक, सलग खरखर असेल तर अजून वेळ आहे. खरखर तुटक झाली की लगेच वर ओढा. बेअरिंगवर ही बातमी येत नाही, म्हणून तिथे डोळ्यांनी बघावं लागतं. इथे मी डोळे मिटून सांगू शकते की अजून किती उरलंय.

किती झोपतो? माझ्या हातात, मुरलेल्या आसावर, चांगल्या थ्रोला 12 ते 15 सेकंद. नव्या आसावर त्याच्या निम्मेसुद्धा नाही. तुमच्या धातूच्या यो-योला मिनिटांत मोजायची सवय असेल, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण 12 सेकंदांत रॉक द बेबी, ब्रेन ट्विस्टर, दोन-तीन ट्रॅपीझ सहज होतात, आणि पुढचं सगळं स्टॉलवर चालतं.

स्टॉल ही लाकडी आसाची खरी मिळकत. यो-यो दोरीवर घेतला, दोरी किंचित सैल केली, तर आस दोरी पकडतो, यो-यो एक-दोन वेढे चढतो आणि तिथेच दोरीवर बसून राहतो. क्षणभर सगळं स्तब्ध. मग त्याला दोरीच्या दुसऱ्या अंगाने खाली सोडला की तो उलट्या दिशेने फिरत उतरतो आणि खाली पोचेपर्यंत नवी फिरकी कमावतो. म्हणजे संपत आलेली फिरकी पुन्हा उभी करता येते, थ्रो न मारता. बेअरिंगच्या, बाइंड करून (दोरीचा दुमडा मुद्दाम फटीत घालून) परत आणाव्या लागणाऱ्या यो-योवर तो असा आपसूक दोरी पकडून बसत नाही. इथे तो बसायलाच टपलेला असतो. जो हट्टीपणा पहिल्या दिवशी छळतो, तोच पुढे हाताशी येतो. मला हे उमगायला चार महिने लागले. एका संध्याकाळी गच्चीवर एकामागोमाग अकरा स्टॉल बसले. त्यानंतर मी धातूचे यो-यो कमी खेळू लागले.

दोरीबद्दल मात्र माझं जरा जास्त ऐकून घ्या, कारण नो जाइव्ह आवडणं-न आवडणं निम्मं दोरीवर ठरतं.

फक्त शंभर टक्के सुती दोरी. तुमच्याकडे पॉलिएस्टरच्या रंगीत दोऱ्यांचं पाकीट असेलच. ते याच्यापासून लांब ठेवा. मी सुरुवातीला तीच चूक केली. पॉलिएस्टर लावून पाच-सहा जोरदार थ्रो मारले, आणि सातव्याला दोरी आसापाशीच तुटून यो-यो सरळ फरशीवर गेला. उघडून पाहिलं तर नळीवर काळपट, काचेसारखा चकचकीत थर बसलेला. घर्षणाच्या उष्णतेने धागा वितळून लाकडाला चिकटला होता. नखाने खरवडलं, निघेना. ती मूळ नळी होती, यो-योइतकीच जुनी, आणि ती गेली. तबकडीच्या कडेलाही एक खळगा पडला. तो अजून आहे, अंगठा त्याच्यावरून गेला की मला कळतो. सुती दोरी वितळत नाही. फार तर करपते, भुरभुरते आणि वेळेवर बदलता येते.

दुसरं, दोरीचा पीळ. यो-योची दोरी म्हणजे एकच लांब धागा दुमडून, पिळून केलेली असते, आणि तिचं खालचं टोक उकलून तो फास आसावर चढवतात. खेळता खेळता पीळ वाढतो किंवा सुटतो. वाढला की फास आवळतो आणि यो-यो झोपायच्या आधीच परत येतो. सुटला की फास सैल होऊन झोप वाढते, पण बोलावल्यावर वर यायला कुरकुर करतो. बेअरिंगवर याने फारसं बिघडत नाही, लाकडावर हाच मुख्य स्क्रू समजा. मी दर दहा-बारा थ्रोनंतर यो-यो खाली लोंबकळता सोडते आणि त्याला हवा तसा फिरू देते. वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पीळ सुटतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की चढतो. लूप खेळायचे असतील तर थोडा चढा पीळ ठेवते, स्लीपरसाठी, म्हणजे यो-यो झोपवून करायच्या खेळांसाठी, उतरता. ही सवय लागली की ‘हा यो-यो लहरी आहे’ ही तक्रार बहुतेक संपते.

परत बोलावण्याचा झटकाही वेगळा. बेअरिंगच्या रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे नुसत्या झटक्याने परत येणाऱ्या, यो-योला लोक वर ओढतात. लाकडीला ओढू नका. हलकेच वर उचलून लगेच हात किंचित खाली द्या. दोरी निमिषभर ढिली पडली पाहिजे, तेवढ्यात फास लाकडाला धरतो. माझी शेजारची दहा वर्षांची मुलगी हे एका दुपारी शिकली, कारण तिला आधीची कुठली सवय मोडायची नव्हती.

नवी नळी घातली तर ती मुरवावी लागते. कोऱ्या लाकडाचे तंतू दोरीला धरतात. दोन-तीनशे साध्या थ्रोनंतर तो पट्टा गुळगुळीत होतो, तांबूस दिसायला लागतो, आणि झोप वाढत जाते. सॅन्डपेपरने घाई करू नये, नळी मधे बारीक होते. मेणबत्तीच्या मेणाचा अगदी पुसट हात चालतो, पण तो बदली नळीवर, मूळ नळीवर नव्हे. तेल तर थेंबभरही नको. लाकूड ते पिऊन टाकतं आणि दोरी मळकट, चिकट होते.

बदली नळ्या इथे मिळत नाहीत, म्हणून मी त्या करून घेतल्या. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि फळं कातणारे कारागीर आहेत. त्यांतल्या एका काकांकडे वितळलेली नळी आणि व्हर्नियर घेऊन गेले. पहिली सागाची केली. दिसायला सुरेख, पण सागाच्या रेषा उघड्या असतात, आणि दुसऱ्याच दिवशी दोरी कातरल्यासारखी झाली. मग काकाच म्हणाले, ‘‘बाई, ह्येका हेद बरो.’’ हेदाचं लाकूड, हिंदीत ज्याला हळदू म्हणतात, पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं. सूतगिरण्यांच्या बॉबिनसाठी ते वापरत आले आहेत. म्हणजे दोरा आणि या लाकडाची ओळख जुनीच. त्यांनी लेथवर हेदाच्या सहा नळ्या काढल्या, प्रत्येक काढल्यावर बोल्टवर चढवून, कानाशी नेऊन फिरवून बघत होते. चार अगदी नेमक्या बसल्या. अजून दुसरीच चालू आहे. मेपलपेक्षा किंचित मऊ पकड आहे तिची, स्टॉल जास्त खात्रीने बसतात.

पावसाळ्याचं तुमचं भय रास्त आहे. लाकूड आणि सूत दोन्ही दमट हवेत ओलावा घेतात. जुलैत डोंबिवलीला माझा यो-यो एप्रिलपेक्षा ठळकपणे जास्त पकडतो. दोरी फुगते, फट अरुंद पडल्यासारखी होते. त्या दिवसांत मी दोरी रोज बदलते आणि स्लीपरऐवजी लूप आणि स्टॉल खेळते. हवेला जे जमतं तेच खेळायचं. खेळून झाल्यावर नट अर्धा फेरा सैल करून, दोरी काढून, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवते. सैल करणं महत्त्वाचं आहे. आवळलेल्या स्थितीत लाकूड फुगलं तर भोकापासून रेषेने चीर जाते, आणि नळीही आत अशी रुतते की ओढून निघत नाही. रुतलीच तर पक्कड लावू नका. पंख्याखाली दोन दिवस उघडं ठेवा, आपोआप सुटते.

आता खरेदी. मामेभावाला समोरच्या माणसाकडून यो-यो उघडवून घ्यायला सांगा, आणि दोन्ही तबकड्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. बाहेरून देखणा असलेला यो-यो आतून तडकलेला असू शकतो. मधल्या भोकाभोवती लाकडाच्या रेषेतून जाणारी बारीक चीर, हीच सर्वांत वाईट खूण. कुणीतरी कधीतरी प्रमाणाबाहेर आवळलाय. नटाचे आटे हाताने सहज फिरले पाहिजेत. लेसरने कोरलेली नक्षी असलेले, विशेषतः मंडलाच्या नक्षीचे नग संग्राहक जास्त मागतात. त्यांच्या बाबतीत नक्षीच्या कडा तीक्ष्ण आहेत का बघा. कडा गोल झाल्या असतील तर कुणी घासून, पुन्हा पॉलिश करून विकायला काढला आहे. खरचटे, डाग, घामाने काळवंडलेला पृष्ठभाग यांना मी दोष मानत नाही. उलट तो खेळला गेलाय, लाकूड स्थिरावलंय. सोबत मूळ नळी आहे का हे जरूर विचारा. असेल तर ती कागदात गुंडाळून, तारीख लिहून बाजूला ठेवा आणि खेळ बदलीवर करा. यो-योची संग्राह्य किंमत शाबूत राहते आणि तुमचे हातही बांधले जात नाहीत.

कुणी तुम्हाला म्हणेल की कूनचाच घ्यायचा तर 1990 चा एसबी-2 घ्या. तो ॲल्युमिनियमचा, बेअरिंगचा. बेअरिंगच्या यो-योंना खऱ्या अर्थाने यश मिळालं ते त्यापासून. 1992 मध्ये अटलांटिस यानातून अंतराळवीर जेफ्री हॉफमन तो घेऊन गेले होते. मोठी वस्तू आहे, मान आहेच. पण तुमच्याकडे आजचे धातूचे चार यो-यो आहेत, आणि त्यांचे गुण एसबी-2 पेक्षा पुढे गेलेत; हातात घेतलात तर तुम्हाला तुमच्या यो-योंचे आजोबा भेटतील. नो जाइव्हच्या पुढे गेलेलं त्याच वाटेवरचं फारसं काही मला दिसत नाही. आज जे लाकडी, उघडणारे यो-यो निघतात त्यांची रचना पाहिली की हाच आठवतो. कॅलिफोर्नियात चिको गावच्या यो-यो संग्रहालयात याचीच एक महाकाय प्रतिकृती आहे: 50 इंच उंच, 256 पौंड वजनाची. मामेभाऊ सॅन होजेला आहे तर गाडीने जाऊन बघून येण्यासारखी आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. लाकडी यो-यो थोडा डगमगतोच, कारण दोन तबकड्यांचं लाकूड कधीच हुबेहूब सारखं नसतं. डगमग जास्त वाटली तर नट सैल करून एक तबकडी दुसरीच्या तुलनेत जरा फिरवा, पुन्हा आवळा, थ्रो मारून बघा. चार-पाच वेळा असं केलं की एक जागा अशी सापडते जिथे तो शांत फिरतो. त्या जागी दोन्ही तबकड्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक रेघ मारा, म्हणजे दर वेळी उघडल्यावर शोधत बसायला नको. माझ्या जुन्या नगात अशी पेन्सिलीची रेघ आधीपासूनच होती. ती कुणी मारली मला माहीत नाही, पण ती अगदी बरोबर जागी होती, आणि मी तीच वापरते. तुमचा उघडाल तेव्हा आधी आत बघा.